जुन्या इम्पोर्टेड गाडीचा पार्ट शोधताना: आधी नंबर, मग माप, मग दुकान

पुसद, दर्यापूर, वरोरा अशा तालुक्याच्या गावी जुनी सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, ग्रँड विटारा किंवा फॉरेस्टर चालवणाऱ्याला पार्ट मिळतच नाही असं क्वचित होतं. चुकीचा पार्ट येतो, हे मात्र नेहमीचं. दिल्लीहून पार्सल येतं, पार्ट बसत नाही, आणि इलेक्ट्रिकल सामान असेल तर दुकानदार सहसा परत घेत नाही. पार्ट गाडीच्या नावाने मागितला की असंच होतं.

सुरुवात चेसिस नंबरापासून करा. आरसीवरून तो उतरवून घ्या आणि गाडीवरच्या प्लेटशी ताडून पाहा. नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं येत नाहीत. म्हणजे 'ओ' दिसला तर तो शून्य आहे. पहिलं अक्षर 'जे' असेल तर गाडी जपानची, 'डब्ल्यू' जर्मनीची. पहिली दोन अक्षरं 'एमए' ते 'एमई' यांपैकी असतील तर भारतात बनलेली. साल धरताना आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष धरा, नोंदणीचं वर्ष धरू नका. बोटीने आलेली गाडी पुष्कळदा पुढच्या वर्षी नोंदवलेली असते, आणि मॉडेलमधला बदल नेमका त्याच मधल्या काळात झालेला असू शकतो. प्लेटवरचे इंजिन कोड आणि गिअरबॉक्स कोड दिसत असतील तर त्यांचाही फोटो काढा.

इंजिन कोड हाती आला की शोध मोठा होतो. होंडाची सीआर-व्ही २.४ आणि त्या काळची होंडाचीच अकॉर्ड २.४ यांची इंजिनं एकाच के२४ घराण्यातली, म्हणून फिल्टर-प्लगसारखं सामान अकॉर्डच्या नावानेही शोधता येतं. घेताना नंबर मात्र जुळवायचाच. शेवरोले नावाने विकलेली फॉरेस्टर मूळची सुबारूची. तिचं सामान सुबारूच्या कॅटलॉगमध्ये पाहावं.

मग जुना पार्ट उतरवून पुसा आणि त्यावरचा नंबर शोधा. होंडाचा नंबर साधारण ५-३-३ अशा तुकड्यांत असतो, टोयोटाचा ५-५. धातूत ओतलेला उठावदार आकडा बहुतेक वेळा साच्याचा असतो, पार्टचा नव्हे. कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते, म्हणून 'हा नंबर आता कोणत्या नंबराने येतो?' हे दुकानदाराला विचाराच. ऑनलाइन कॅटलॉग चेसिस नंबराने उघडा आणि उजव्या स्टिअरिंगचा प्रकार निवडा. स्टिअरिंग रॅक, वायपरची लिंक आणि हेडलाइट इथेच चुकतात. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा हेडलाइट आपल्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत टाकतो.

बेअरिंग, सील, बेल्ट यांना मात्र गाडीचं नावही लागत नाही. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) बेअरिंगवर ६३०३ लिहिलेलं असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर. हे माप मोटरपंप रिवाइंडिंगच्या दुकानातही मिळतं, आणि ती दुकानं आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. पण नुसतं माप जुळून भागत नाही. पुढची अक्षरं वाचा: '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' म्हणजे पत्र्याची झाकणं. आपल्या धुळीत २आरएसच बरं. 'सी३' म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक. अल्टरनेटर तापतो, लोखंड फुगतं. सी३ नसेल तर बेअरिंग आवळून आवाज करू लागतं आणि लवकर जातं. बेल्टवरचं ६पीके१७८० म्हणजे सहा धारा, लांबी १७८० मिलिमीटर. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आकडे झिजले असतील तर व्हर्निअरने मोजा, पण आतला व्यास शाफ्टवरून घ्या. जुनं रबर पसरलेलं असतं.

आधी नागपुरात विचारा, नाही जमलं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. जुन्या पार्टसाठी मुंबईत कुर्ला. दरवाजा, काच, आरसा, स्विच, अल्टरनेटर जुना चालतो. ब्रेकचे भाग, बॉल जॉइंट, बेल्ट, होज आणि एअरबॅग जुने कधीच घेऊ नका. यात जीव जातो. पैसे पाठवण्याआधी नंबर दिसेल असा एक फोटो आणि मोजायची टेप लावलेला दुसरा फोटो मागवा. कनेक्टरच्या पिना मोजून घ्या.

पार्सल आल्यावर पाकीट न फाडता जुना-नवा शेजारी ठेवून भोकं आणि आटे पाहा. चाकाचे नट होंडा, टोयोटा, मित्सुबिशीत १२ × १.५ आट्याचे (व्यास आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), निसान, सुझुकी, सुबारूत १२ × १.२५. चुकीचा नट दोन फेरे सहज फिरतो, मग अडतो. तिथे पान्याचा जोर लावला की स्टड गेला.

एप्रिल-मेच्या ४५ अंशांत रेडिएटरच्या झाकणाकडे विशेष लक्ष द्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाब लिहिलेला असतो. १.१ च्या जागी ०.९ चं लावलं तर पाणी लवकर उकळतं आणि दोष इंजिनाच्या वॉटर पंपावर जातो. उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकायची पद्धत आहे, ती सोडा: थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते. थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, तेवढ्याच अंशाचा नवा आणा आणि सोबत त्याची रबरी रिंगही मागवा.