आधी बेडूक, मग बीट: सह्याद्रीतल्या आवाजांचा इलेक्ट्रॉनिक ट्रॅक कसा करावा

जंगलाच्या आवाजांवर केलेल्या बहुतेक ट्रॅकमध्ये बीट आधीच ठरलेला असतो आणि पक्ष्याची शीळ वर शोभेला लावलेली असते. शीळ काढली तरी गाण्याचं काही बिघडत नाही. मग तो पक्षी नामशेष झाला तरी त्या गाण्याला काय फरक पडणार? ताल, सूर आणि शांततेच्या जागा प्राण्यानंच ठरवायला हव्यात. उदाहरणाला पावसाळ्यातली आंबोली घेऊ.

रेकॉर्डिंग: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, माइकवर फरचं कव्हर. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. रेकॉर्डर ठेवा, विजेरी बंद करा आणि लांब जाऊन बसा. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण बोलून ठेवा. अभयारण्यात जायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा. मोबाइलवर हाक वाजवून प्राण्याला जवळ बोलावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नका. हा विणीचा हंगाम आहे. नर खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यात ताकद घालवतो.

सफाई: २०० हर्ट्झखालचं कापा, बस्स. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की ओढ्याबरोबर रातकिडेही जातात.

आता ताल. मला सर्वांत जास्त छळलं ते या टप्प्यानं, आणि सर्वांत वाईट सल्लेही इथंच मिळतात. झुडपी बेडकाची कोरडी ‘टिक-टिक’ ऐकली की ती हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) म्हणून क्वांटाइझ करायचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, ग्रिडवर, ओढून बसवायचा मोह होतो. करू नका. बेडकांच्या अनेक जातींत शेजाऱ्याच्या हाकेवर आपली हाक पडू नये म्हणून नर थांबतो आणि मधल्या फटीत बोलतो. मादीपर्यंत आपला आवाज वेगळा पोचावा यासाठी ही धडपड असते. ग्रिडवर ओढलंत की नेमकी तीच पुसली जाते.

म्हणून आधी वार्प (आवाज ताणून किंवा आखडून टेम्पोला जुळवणारी सोय) बंद करा. एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर लांब फाइल आत घेताना ते आपोआप लावू शकतं, तेव्हा प्रत्येक क्लिप तपासा. मग माइकच्या सर्वांत जवळचा एकच बेडूक निवडा आणि दोन मिनिटं त्याच्या प्रत्येक हाकेवर हातानं खूण करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. त्या खुणांवरून टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठं किती बदलते याचा आराखडा, बनवा. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मार्कर लावून हे सरळ होतं. आता ग्रिड बेडकाबरोबर पुढंमागं होईल. किक (ड्रमचा जड ठोका) फक्त त्यानं सोडलेल्या फटींत टाका. दुसरा बेडूक मध्येच बोलला तर किक गाळा, बेडूक गाळू नका.

आणखी एक. हाकेचा वेग तापमानावर अवलंबून असतो; गारठा वाढला की हाका सावकाश होतात. त्यामुळं रात्री आठची आणि पहाटे तीनची क्लिप जोडून एक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) करू नका. चार सेकंदांचा लूप तर नकोच. तेवढ्यात एकच बेडूक उरतो, समूह जातो.

सूर त्या मानानं सोपा. पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो, त्याचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाच्या कंपनसंख्यांचं चित्र) उघडा. शीळ साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दिसेल; तो पट्टा सिंथसाठी (सिंथेसायझरसाठी) बंद. निरोगी जंगलात प्रत्येक जात आवाजाची आपापली जागा धरून असते, हा विचार मांडणारे, निसर्गाचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे बर्नी क्राउझ स्वतः मूग सिंथेसायझर वाजवायचे. शीळ पियानोच्या पट्ट्यांवर नेमकी बसत नाही. ऑटोट्यून पक्ष्याला लावू नका, सिंथ काही सेंट (एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वरखाली करून शिळेला जुळवा.

प्रकाशित करताना जातीचं नाव आणि हंगाम लिहा. दुर्मीळ प्राण्याचा नेमका पत्ता देऊ नका, त्यावर शिकारी आणि गर्दी दोन्ही पोचतात. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहावरचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर परवाना वाचा: ‘एनडी’ असेल तर त्यात बदल करून ते प्रसिद्ध करायला मनाई आहे, ‘एनसी’ असेल तर विकायला. तुमच्याकडची पक्ष्यांची मूळ, न कापलेली फाइल मात्र तिथं जरूर चढवा; अभ्यासकांना ट्रॅकपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.