टीव्ही घेताना आधी सोपा मोजा

आमच्याकडं टीव्ही सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत असतो. एका भिंतीला टीव्ही, समोर लाकडी बाकडं, आणि दाराशेजारी आडवी आईची कॉट. काही वर्षांपूर्वी डबा टीव्ही गेला आणि ४३ इंची नवा एलईडी आला. पहिल्याच संध्याकाळी मालिका सुरू झाली, तशी आई म्हणाली, "पांढरं पांढरं दिसायलंय रे, धुतल्यासारखं." मी बाकड्यावरून बघितलं तर चित्र झकास. मग कॉटवर जाऊन बसलो. नायिकेची गर्द हिरवी साडी पार विटलेली.

टीव्ही बिघडलेला नव्हता. त्याचं पॅनलच (चित्र दाखवणारा पडदा) तसं होतं, समोरून सुरेख आणि बाजूनं फिकं. दुकानदारानं हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण डबा टीव्हीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. कोपऱ्यात बसा, दारात उभं राहा, रंग तेच दिसायचे. आपल्या घरातली बाकडी, खुर्च्या, कॉट त्या हिशोबानं मांडलेल्या आहेत आणि टीव्ही मात्र बदलले. म्हणून बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत जाण्याआधी घरचं काम उरकून घ्या.

पायरी १ : टेप आणि कागद

टीव्ही जिथं लागणार त्या भिंतीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला १.६ नं भागा. येईल तो आकडा म्हणजे साधारण किती इंची टीव्ही आरामात बघता येईल ते. बाकडं ६ फुटांवर असेल तर ७२ भागिले १.६, म्हणजे ४५. तिथं ४३ इंची बसतो. साडेसात फूट असेल तर ५५ इंची. फोर-के, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांचं चित्र असेल तर याहून थोडं जवळ बसलं तरी चालतं. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ४ फूट आणि उंची सव्वादोन फूट असते. भिंतीवर खडूनं तेवढी चौकट आखून बघा, म्हणजे देव्हाऱ्याला किंवा दाराच्या चौकटीला लागणार का ते कळेल.

आता त्याच कागदावर सोप्याचा कच्चा नकाशा काढा. दार कुठं, खिडकी कुठं, ट्यूबलाइट कुठल्या भिंतीला, आणि रोज कोण कुठं बसतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. टीव्हीच्या मध्यापासून सरळ रेष काढा. ८ फुटांवर बसलेला माणूस त्या रेषेपासून ४ फूट बाजूला असेल, तर तो जवळजवळ २७ अंशांतून बघतोय. आमची आई याहून जास्त बाजूला होती.

पायरी २ : दिवसभर काय चालू असतं?

खरं खरं लिहा. ओटीटीवर फोर-के सिनेमे बघणारं घर वेगळं आणि सकाळी सातपासून बातम्यांचं चॅनल लावून कामं करणारं घर वेगळं. लोकल केबलवर गणपतीची विसर्जन मिरवणूक रात्रभर बघणारं घर तिसरं. साधं केबलचं एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि फोर-के पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. पडदा जितका मोठा, तितका तो अंदाज उघडा पडतो. म्हणून घरात फक्त एसडी केबल किंवा फ्री डिश असेल तर मोठ्या पडद्याच्या मागं लागू नका. आधी चॅनल एचडी करून घ्या, किंवा ४३ वर थांबा.

तास पण लिहा. पुढं विजेच्या हिशोबाला लागतील.

पायरी ३ : नावांचा गुंता सोडवा

दुकानात चार-पाच नावं कानावर पडतात. मुळात जाती दोनच. एकीत पडद्याच्या मागं दिवा असतो, दुसरीत प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. (तिसरी प्लाझ्मा होती. २०१४ च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी ती बंद केली. चांगली होती बिचारी, पण वीज खायची.)

मागं दिवा असलेली जात म्हणजे एलसीडी. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडीच आहे, फक्त मागचे दिवे एलईडीचे. एलसीडीचा पडदा खिडकीच्या झडपांसारखं काम करतो, म्हणजे कुठं किती उजेड सोडायचा ते ठरवतो. पण झडप पूर्ण मिटत नाही, फटीतून उजेड झिरपतो. म्हणून रात्रीच्या दृश्यात काळं आकाश राखाडी दिसतं. दिवे फक्त कडेला असतील तर कोपऱ्यांत उजेडाचे डाग दिसतात. दिवे मागं सगळीकडं पसरलेले असतील तर उजेड एकसारखा पडतो.

या झडपांचे दोन प्रकार आहेत आणि आमच्या आईचा घोळ तिथंच झाला. व्हीए पॅनलच्या झडपा घट्ट मिटतात, त्यामुळं काळा रंग चांगला, पण बाजूला सरकलं की रंग विटतात. आयपीएस पॅनल बाजूनंही रंग धरून ठेवतं, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग कोळशाच्या राखेसारखा दिसतो. खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणणार, "सगळे सारखेच हाय ओ, कंपनी बघा." सारखे नाहीत. कसं ओळखायचं ते पुढच्या पायरीत सांगतो.

क्यूएलईडी हाही एलसीडीच. निळे एलईडी आणि पडदा यांच्या मध्ये क्वांटम डॉटचा एक थर घातलेला असतो. हे कण इतके बारीक असतात की कोणता रंग बाहेर पडणार ते त्यांच्या आकारावर ठरतं. त्यामुळं लाल आणि हिरवा रंग स्वच्छ, भरीव येतात. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याआधी २०१४ मध्ये निळ्या एलईडीला पदार्थविज्ञानाचं. म्हणजे सोप्यातल्या एका टीव्हीत दोन नोबेलं! पण क्यूएलईडी या नावानं काळा रंग सुधारत नाही आणि बाजूनं फिकं दिसायचंही थांबत नाही. नाव ओएलईडीच्या जवळ जातं, वस्तू नाही.

मिनी एलईडीत मागचे दिवे अगदी बारीक आणि हजारोंच्या संख्येनं असतात, शेकडो गटांत वाटलेले. चित्राचा जो भाग काळा, तिथला गट मंद होतो. हा एलसीडीतला खरा सुधार. उजेडही भरपूर मिळतो. खोड एकच, काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती थोडं धुकं दिसतं. गट जितके जास्त, तितकं धुकं कमी. म्हणून नुसतं 'मिनी एलईडी' ऐकून भुलू नका, झोन, म्हणजे हे गट, किती ते विचारा.

दुसरी जात ओएलईडी. इथं मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. म्हणून काळं म्हणजे अमावास्येचं काळं, आणि कॉटवरून बघा नाहीतर दारातून, रंग तोच. ५५ इंचीला लाखाच्या पुढंमागं मोजावे लागतात. पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळी. हे ठिपके कार्बनी रसायनांचे असतात आणि वापरानं हळूहळू दमतात. बातम्यांच्या चॅनलचं बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी रोज आठ-दहा तास एकाच जागी जळत राहिली, तर वर्षा-दोन वर्षांत तिची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते. दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरानं ओएलईडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. आपल्याकडं टीव्ही रिमोटनं बंद करून लगेच बोर्डावरचं बटणही टिचकी मारून बंद करतात. ओएलईडीला हे चालत नाही. चार-सहा तास बघून झाल्यावर तो स्टँडबायमध्ये असताना आपले ठिपके तपासून सारखे करून घेतो. बोर्डावरून वीज तोडली तर ते काम राहूनच जातं.

पायरी ४ : पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात

दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात. समुद्र, पोपट, कापलेली कलिंगडं. "बघा की काका, कलर कसा फुटायलाय!" तिथं सगळंच फुटतं. तुम्ही घरून पेनड्राइव्हवर चार फोटो न्या: एक पूर्ण काळा आणि मध्ये पांढरा ठिपका, एक सपाट राखाडी, एक घरातल्याच माणसाच्या चेहऱ्याचा, आणि एक लग्नातला, ज्यात गर्द रंगाच्या साड्या आहेत. चेहरा महत्त्वाचा, कारण पोपटाचा खरा रंग आपल्याला ठाऊक नसतो. बायकोचा, आईचा असतो.

आधी चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करायला सांगा. मग साड्यांचा फोटो लावून समोर उभे राहा आणि हळूहळू बाजूला सरका, घरी तुमची कॉट जितकी बाजूला आहे तितके. रंग विटला तर व्हीए, टिकला तर आयपीएस किंवा ओएलईडी. काही महाग व्हीए पॅनलांवर कोन वाढवणारा थर असतो, तेही असंच सरकून कळेल. काळ्या फोटोत पांढऱ्या ठिपक्याभोवतीचं धुकं आणि कोपऱ्यातला उजेड दिसेल. राखाडी फोटोत डाग आणि उभे पट्टे दिसतील. विक्रेता थोडा कंटाळेल. कंटाळू दे.

खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारं चित्र) लिहिलेलं बघून पैसे वाढवू नका. स्वस्त एलईडीचा उजेड ३०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास असतो, तेवढ्यात एचडीआरचा फरक दिसत नाही. तो दिसायला हजाराच्या घरात जाणारा मिनी एलईडी किंवा ओएलईडी लागतो. १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा, क्रिकेट आणि गेमसाठी उपयोगी, मालिकांना ६० पुरेसं. आवाज सगळ्यांचाच बारीक, म्हणून साउंडबारची सोय आहे का बघा आणि पुढं चला.

किमतीबद्दल एकच सांगतो. माझा निपाणीचा मेव्हणा दरवेळी म्हणतो, "दाजी, कोल्हापूरला जाऊ या, तिकडं स्वस्त." जीएसटी दोन्हीकडं सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तो बेळगावातही आणि कोल्हापुरातही. उरतो तो दुकानदाराचा नफा आणि तुमचा गाडीखर्च. दुरुस्तीचा माणूस कुठून येणार ते मात्र विचारून घ्या.

पायरी ५ : वीज, वळीव आणि भिंत

टीव्हीच्या मागच्या पट्टीवर किती वॅट ते वाचा. ८० वॅटचा टीव्ही रोज ६ तास चालला तर महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट होतात, १५० वॅटचा असेल तर २७. कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटांच्या काठावर असलेल्या घराला हा फरक लागतो, कारण २०० ओलांडले की सगळं बिल भरावं लागतं. भडक मोड काढून उजेड कमी केला तरी बरीच वीज वाचते.

बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळं कमी दाबाला घाबरून स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. भीती आहे ती एकदम चढणाऱ्या दाबाची. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग तपासून घ्या, जुन्या कौलारू घरांत तर आवर्जून. एप्रिल-मेच्या वळवात ढग गडगडायला लागले की प्लग काढा, आणि त्याबरोबर डिशची वायरसुद्धा. प्लग काढून वायर तशीच ठेवणारे पुष्कळ. वीज त्या वायरीनंही आत येते.

खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. अशा भिंतीला टीव्ही चिकटवून लावू नका, मागं हवा खेळायला जागा ठेवा. जांभ्याची किंवा मातीची भिंत असेल तर नुसत्या प्लास्टिकच्या गट्टूवर १५ किलोचा टीव्ही टांगू नका. टेबलावर ठेवलेला बरा.

कोणासाठी काय

बातम्या, मालिका, उघडं दार, ट्यूबलाइट आणि माणसं तीन बाजूंना: आयपीएसचा चांगला एलईडी. सगळे समोर बसतात आणि रात्री बघतात: व्हीएचा क्यूएलईडी. दुपारची मॅच, समोर मोठी खिडकी आणि हातात पैसे: मिनी एलईडी. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणारी दोन-तीन माणसं: ओएलईडी, डोळे झाकून. दुरुस्तीचा विचार केला तर साधा एलईडी सोयीचा, मागची बॅकलाइटची पट्टी गेली तर गल्लीतला मेकॅनिकही बदलून देतो. पॅनल फुटलं तर कुठलाही टीव्ही असो, खर्च नव्याच्या जवळ जातो. म्हणून घरी आणताना खोकं उभंच ठेवा, दोघांनी खालून धरा, पडद्याला अंगठा लावू नका, आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा.

आमचा तो ४३ इंची अजून चालू आहे. मी शेवटी फिरता ब्रॅकेट आणला. संध्याकाळी मालिका लागली की टीव्ही कॉटकडं वळतो आणि रात्री जेवणानंतर बाकड्याकडं. परवा मॅच ऐन रंगात असताना आईनं हात पुढं करून तो स्वतःच आपल्याकडं ओढून घेतला.