विंडोजवर सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकताना

विंडोजवर सॉकेट (नेटवर्कवर डेटा देण्या-घेण्याचं प्रोग्रॅममधलं टोक) वापरून नेटवर्क ॲप्लिकेशन लिहायला घेतलं की पहिला अडथळा कंपाइल करतानाच येतो, आणि त्याचा नेटवर्कशी काही संबंध नसतो. 'विंडोज.एच' ही हेडर फाइल विंडोजच्या सॉकेट लायब्ररीची जुनी हेडर 'विनसॉक.एच' सोबत ओढून आणते. म्हणून 'विनसॉक२.एच' कायम तिच्या आधी लिहा. क्रम उलटा झाला तर रीडेफिनिशन एररची रांग लागते. लिंकरला 'डब्ल्यूएस२_३२.लिब' द्यायची आणि सुरुवातीला ही लायब्ररी चालू करणारा 'डब्ल्यूएसए-स्टार्टअप' २.२ आवृत्ती मागून कॉल करायचा. तो राहिला तर पुढचा जवळजवळ प्रत्येक सॉकेट कॉल १००९३ एरर देतो.

लिनक्सवरून आलेल्यांनी एक सवय मोडावी. इथे सॉकेटचा टाइप अनसाइन्ड असतो, त्यामुळे 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. 'इनव्हॅलिड_सॉकेट'शीच तुलना करा. बंद करताना 'क्लोज' नव्हे, 'क्लोजसॉकेट'.

सर्व्हर चालू आहे, पण क्लायंटला १००६१ म्हणजे 'कनेक्शन नाकारलं' येतंय? कोणते पोर्ट वापरात आहेत ते दाखवणारी 'नेटस्टॅट -एएनओ' ही कमांड चालवून बघा. पोर्ट ८०८० ऐवजी ३६८९५ दिसला, तर पोर्ट क्रमांकाचे बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं 'एचटॉन्स' फंक्शन विसरलात. ८०८० चे दोन बाइट उलटले की नेमका हाच आकडा येतो.

आता खरी मेख. हे कनेक्शन ज्या प्रोटोकॉलवर चालतं त्या टीसीपीला 'मेसेज' ही गोष्टच माहीत नसते. तो बाइटचा सलग प्रवाह असतो. तुम्ही १००-१०० बाइटचे दोन 'सेंड' केले, तरी पलीकडे एकाच 'रिसीव्ह'मध्ये २०० येतील किंवा आधी ६० आणि मग १४०. १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर चाचणी करताना हे सहसा दिसत नाही, म्हणून कोड बरोबर आहे असं वाटत राहतं. उपाय जुनाच आहे: प्रत्येक मेसेजआधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी पाठवा आणि तेवढे बाइट हाती येईपर्यंत लूपमध्ये वाचा. ते ४ बाइटसुद्धा तुकड्यांत येऊ शकतात, तेव्हा तिथेही लूप हवाच. आणि आलेल्या लांबीवर आंधळा विश्वास नको. कमाल मर्यादा ठरवा, समजा १ एमबी. नाहीतर कुणीही चार जीबीचा आकडा पाठवून तुमची मेमरी खाऊन टाकेल.

'रिसीव्ह'ने ० दिला तर समोरच्याने कनेक्शन नीट बंद केलंय. तो एरर नव्हे. -१ आला तर लगेच 'डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर' वाचून ठेवा. मध्ये दुसरा एपीआय कॉल झाला तर कोड बदलू शकतो. १००५४ म्हणजे कनेक्शन मध्येच तुटलं, १००४८ म्हणजे पोर्ट आधीच कुणीतरी घेतलाय. १००३५ बघून घाबरू नका: नॉन-ब्लॉकिंग (वाट पाहत न थांबणाऱ्या) सॉकेटवर सध्या डेटा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खिडक्या-बटणं असलेल्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं वेगळ्या थ्रेडवर ठेवा. पलीकडचं मशीन बंद असेल तर ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत थांबणारा) 'कनेक्ट' वीसेक सेकंद अडकून राहतो, आणि तेवढा वेळ खिडकीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' झळकत राहतं.