खोल समुद्रातला ऑक्सिजन आणि कार्बन समजून घेताना या चुका टाळा

समुद्रात तीन हजार मीटर खाली उजेड नाही, म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. तरी तिथे मासे आहेत, किडे आहेत, जिवाणू आहेत. त्यांना लागणारा ऑक्सिजन ही त्या पाण्याची शिदोरी असते: कधीतरी पृष्ठभागावर असताना हवेतून घेतलेली आणि वाटेत थोडी थोडी संपत जाणारी. त्यामुळे खोल पाण्याबद्दल वाचताना किंवा आलेख काढताना पहिला प्रश्न हाच विचारा की या पाण्याला हवा शेवटची कुठे आणि किती वर्षांपूर्वी लागली. तो विचारायचा राहून गेला की पुढच्या बहुतेक चुका होतात.

सर्वात जास्त दिसणारी चूक आकृत्यांमध्ये असते. बाण काढले जातात ते जणू पाणी जागोजागी तळाकडे बुडतंय असे. खरं तर तळापर्यंत जाण्याइतकं जड पाणी मोजक्याच जागी तयार होतं: उत्तर अटलांटिकमध्ये लॅब्रेडोर समुद्र व ग्रीनलंडच्या आसपासचे समुद्र, आणि अंटार्क्टिकाजवळ वेडेल व रॉस समुद्र. पाणी गार हवं आणि खारटही हवं. उत्तर प्रशांत महासागर कडाक्याचा थंड असतो, पण त्याचं वरचं पाणी कमी खारट असल्यामुळे ते तळाला जात नाही. नुसत्या तापमानावरून अंदाज बांधणारे इथे हमखास फसतात.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: कार्बन आणि ऑक्सिजन एकाच वाटेने, एकाच वेगाने खाली जातात असं धरून चालणं. हवेशी समतोल साधायला वरच्या थरातल्या ऑक्सिजनला काही आठवडे पुरतात. कार्बन डायऑक्साइडला कित्येक महिने, कधी वर्षभरही लागतं, कारण तो नुसता विरघळत नाही, पाण्याशी अभिक्रिया करून बहुतांश बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेलं कार्बनचं एक रूप) होतो. म्हणून झपाट्याने गार होऊन बुडालेलं पाणी कार्बनचा पूर्ण वाटा न घेताच निघून जातं. शिवाय कार्बनला खाली जायला दुसरंही दार आहे. वरच्या थरातल्या जिवांचे अवशेष आणि विष्ठा खाली झिरपत राहतात, वाटेत कुजतात; कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि त्यातच कार्बन वाढतो. एकाची घट ती दुसऱ्याची भर. उत्तर अटलांटिकचं खोल पाणी तरुण, त्यामुळे त्यात ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन तुलनेने कमी. उत्तर प्रशांतच्या खोल पाण्याला हवा लागून हजारभर वर्षं लोटलेली असतात, तिथे नेमकं उलट.

आता आकडे हातात आल्यावर होणारे घोटाळे.

ऑक्सिजनचा आलेख काही शे मीटरवर खाली कोसळतो आणि तळाकडे पुन्हा वाढतो. हे पाहून उपकरण बिघडलं असं समजू नका. अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, पण त्याखाली दक्षिणेकडून आलेलं थंड पाणी तो पुन्हा घेऊन येतं.

मोजणीच्या दोन संचांचे आकडे चाळीसेक पटींनी वेगळे दिसले तर आधी एकक पाहा. लिटरमागे 1 मिलिलिटर ऑक्सिजन म्हणजे लिटरमागे सुमारे 44.7 मायक्रोमोल (रेणूंच्या संख्येवरून प्रमाण सांगणारं एकक), किलोमागचा आकडा हवा असेल तर त्याला पाण्याच्या घनतेने भागा. सगळेच आकडे सारखे कमी येत असतील तर संशय संवेदकावर (सेन्सरवर) घ्या. तरंगत्या यंत्रांवरचे ऑक्सिजन संवेदक पाण्यात उतरण्याआधी नुसते पडून राहिले तरी त्यांचे आकडे सरकतात, म्हणून यंत्र वर आल्यावर हवेत मोजणी करून त्यांची दुरुस्ती करतात. जहाजावर मात्र अजूनही पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायची 1888 सालची विंक्लरची पद्धतच कसोटी मानली जाते. तिच्यासाठी बाटली भरताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी नमुना बिघडतो.

‘किती ऑक्सिजन वापरला गेला’ हे काढताना लोक संपृक्त पाण्यातल्या ऑक्सिजनमधून मोजलेला आकडा वजा करतात. यात गृहीत असं की बुडताना पाणी पूर्ण भरलेलं होतं. 0 अंशाचं समुद्रपाणी किलोमागे सुमारे 350 मायक्रोमोल धरू शकतं, हे खरं. पण बर्फाखाली किंवा घाईने बुडालेल्या पाण्याला तितका मिळालेलाच नसतो. मग जो कधी नव्हताच तो ‘खर्च झाला’ असं दिसतं आणि कुजण्यातून आलेला कार्बनही फुगवून मोजला जातो.

खाली गेलेला कार्बन कायमचा गेला, हेही धरू नका. विषुववृत्तीय प्रशांतात खालचं पाणी वर येतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. एल निनोच्या काळात ते वर येणं मंदावतं आणि हे सोडणंही घटतं.

शेवटची चूक हवामानबदलाच्या बातम्यांत दिसते. 1960 पासून महासागरांनी सुमारे 2 टक्के ऑक्सिजन गमावला, आणि कारण दिलं जातं ते एवढंच की कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो. ते कारण खरं असलं तरी त्याने घटीचा लहान भागच भरतो. वरचं पाणी हलकं झालं की ते खालच्या थरांत सहजी मिसळत नाही. वर ऑक्सिजन असूनही तो खाली उतरत नाही, आणि खाली कुजणं तर चालूच राहतं. म्हणून एखाद्या ठिकाणची घट तपासताना आधी तापमानामुळे किती घट व्हायला हवी ते काढून वजा करा, आणि उरलेल्या घटीसाठी त्या पाण्याचा हवेपासूनचा प्रवास किती लांबला ते शोधा.