घरी गाडी चमकवताय? या चुका टाळा

गणपती किंवा शिमगा जवळ आला की आमच्या अंगणात गाड्या यायला लागतात. तक्रार ठरलेली: "दादा, पॉलिश मारलं, तरी उन्हात बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतंय." मी विचारतो, रोज सकाळी गाडी पुसतोस का? पोरगा अभिमानाने हो म्हणतो. सुक्या फडक्याने? हो. मग जाळं तूच विणलंयस, बाबा.

माझा सगळ्यात जास्त राग या सुक्या फडक्यावर आहे. आपल्या कोकणातली धूळ जांभ्या दगडाची, म्हणजे लोहाने तांबडी झालेली आणि खरखरीत. डिसेंबर ते मे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, कच्च्या रस्त्याने एकदा जाऊन या आणि बॉनेटवर बोट फिरवा, दाणे हाताला लागतात. किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्यात वाळू आणि मीठ. त्यावर सुका पंचा दाबून गोल गोल फिरवला की ते दाणे क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओरखडे काढत जातात. मग तेच ओरखडे घालवायला कंपाऊंड, म्हणजे जाड दाण्याचं पॉलिश, आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच फडका.

माझी सवय सांगतो. आधी नुसत्या पाण्याची धार, वरून खाली, धूळ सुटेपर्यंत. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा सरळ रेषेत पुसायचा आणि साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ तांबडा झालेला बघा, म्हणजे फडक्यात काय अडकत होतं ते कळेल. विहिरीवरून पाणी आणायचा कंटाळा असेल तर गाडी धुळीची राहू द्या. धुळीने रंगाचं काही बिघडत नाही, धूळ घासल्याने बिघडतं.

दुसरी चूक उतावळ्यांची: यंत्र. क्लिअर कोटचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ. डोक्याचा केस बहुतेक वेळा त्याहून जाड भरतो. पॉलिश ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर झिजवून सपाट करतं. झिजलेला थर परत येत नाही.

राजापूरकडच्या एका पोराने मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि फरशी कापायच्या ग्राइंडरला लोकरी पॅड लावलं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो. पॉलिशिंगचं यंत्र हजार-दोन हजारांवर चालवतात, तेही वेग कमी-जास्त करता येणारं. गाडी मुंबईहून गणपतीला आलेल्या त्याच्या काकांची, मरून रंगाची. काका आरतीला बसले होते, याला त्यांना चकित करायचं होतं. बॉनेटच्या मधल्या उंच घडीवर पॅड टेकलं, जळका वास आला, आणि हात उचलेपर्यंत तिथे बोटभर करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, उघडा पडला. यावर त्याने काय करावं? मेण चोपडलं! काका चकित झाले, त्यात वाद नाही. बॉनेट पूर्ण रंगवावं लागलं, आणि मेटॅलिक मरून असल्यामुळे उन्हात ते अजून फेंडरपेक्षा वेगळं दिसतं.

कडा, घड्या, दाराच्या मुठीजवळचा भाग इथे थर पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावा, आणि टेप काढल्यावर राहिलेला भाग हातानेच करा. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन यंत्रच घ्यावं, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता डुलतंही. काम हळू होतं, म्हणूनच घ्यावं. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, तेही हातभर जागेवर करून बघायचं. पहिल्याच फटक्याला जाड कंपाऊंड काढणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तो परत येतोच.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जायचा नाही, नाद सोडा. टूथपेस्ट दातांसाठी आहे. भांड्यांच्या साबणाने ओरखडे जात नाहीत, मेण मात्र जातं. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकून चिकटतं, सावलीत करा; पण सावली आंब्याची नको. त्याचा चीक वाळला की नखाने खरवडू नका, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवून सैल पडू द्या. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हेच. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी, जमिनीवर पडला की कचऱ्यात. महाग होता म्हणून धुऊन वापरणारे बघितलेत मी. काळ्या प्लास्टिकला पॉलिश लागलं तर पांढरे डाग बसतात, आधीच टेप लावा. जुन्या गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर घाबरू नका. तिच्यावर क्लिअर कोट नसेल. पण मग घासणं आणखी बेताने.

आणि पॉलिश झाल्यावर चमक बघून लगेच हुरळू नका. काही पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्यांना झाकतं, दोन धुण्यांत ते सगळे परत दिसतात. ते तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसा, मग मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. समाधान झालं तरच मेण. तेही मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी. आषाढात गाडी काढून बसाल तर दमट हवेत मेण नीट सुकत नाही आणि पॅडना बुरशी येते ती वेगळीच.