रिओहाची बाटली घेताना मागची बाजू बघा

स्पेनची रिओहा वाइन घ्यायला गेलं की पुढच्या झोकदार लेबलवरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. बाटली फिरवा. मागे तिथल्या नियामक मंडळाची छोटी पट्टी असते, तिचा रंग बघा. रेड वाइनसाठी हिशोब असा:

१. हिरवा: मुरवण्याची अट नाही. बहुतेक ताज्या, फळांच्या चवीच्या.
२. लाल, म्हणजे क्रिआन्सा: किमान २ वर्षं मुरलेली, त्यातलं १ ओकच्या पिंपात.
३. गडद मरून, रेसेर्वा: किमान ३ वर्षं.
४. निळा, ग्रान रेसेर्वा: किमान ५ वर्षं. महाग, आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला बहुधा वाया.

फरक जिभेवर कळायला हवा असेल तर हिरवी आणि लाल, दोन्ही तेंप्रानियो द्राक्षाच्या, शेजारी शेजारी ओता. लालमध्ये व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास येतो, तो पिंपाचा. आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा; आपल्याकडच्या उकाड्यात नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

एक जपा: स्पेनच्याच रिबेरा देल दुएरो या दुसऱ्या वाइन प्रदेशातल्या बाटलीवर ‘तिंतो फिनो’ दिसलं तर ते तेंप्रानियोचंच स्थानिक नाव. नुसतं ‘फिनो’ मागितलंत तर स्पेनमधल्या हेरेस भागातली फिकट, कोरडी शेरी ही वेगळीच वाइन हातात येईल.