लाल डेंगे बघून चिंबोरीची जात ठरवताय? या चुका टाळा

कोकणच्या खाड्यांत तिवरांच्या मुळांशी मिळणाऱ्या चिंबोरीच्या, म्हणजे मालवणी कुर्लीच्या, दोन जाती आहेत: स्किला सेराटा आणि स्किला ऑलिव्हेशिया. रश्शात दोन्ही झकास लागतात. पण खेकडापालनासाठी पिल्लं विकत घेणाऱ्याची इथेच फसगत होते. सेराटा दोन किलोपर्यंत वाढू शकते, ऑलिव्हेशिया त्या मानाने लहानच राहते.

सगळ्यात मोठी चूक रंगाची. ‘लाल डेंग्यांची (म्हणजे नांग्यांची) ती ऑलिव्हेशिया, हिरवी ती सेराटा’ हा ठोकताळा बऱ्याचदा जमतो, पण पाणी आणि चिखल बदलला की रंगही बदलतो. आकारावर तर अजिबात जाऊ नका. लहान वयाची सेराटा आणि पूर्ण वाढलेली ऑलिव्हेशिया एकाच मापाच्या भरतात. कवचाच्या कडेचे दात मोजण्यातही अर्थ नाही, दोघींना प्रत्येक बाजूला नऊच असतात.

बघायचं ते कपाळ. दोन डोळ्यांच्या मध्ये चार दात असतात. सेराटाचे उंच आणि टोकाकडे निमुळते, ऑलिव्हेशियाचे बुटके, गोलसर, जणू झिजलेले. मग डेंग्याच्या पंजामागचा सांधा, म्हणजे मनगट, बाहेरच्या बाजूने तपासा. सेराटाला तिथे दोन ठसठशीत काटे असतात. मोठ्या ऑलिव्हेशियाला फार तर एक बारीक उंचवटा. पिल्लांत मात्र ऑलिव्हेशियालाही तिथे टोचणारा काटा असू शकतो, म्हणून पिल्लं घेताना कपाळावरच जास्त भिस्त ठेवा. तिसरी खूण पायांवरची: सेराटाच्या सगळ्या पायांवर, अगदी वल्ह्यासारख्या मागच्या पायांवरही, बहुकोनी जाळीची नक्षी दिसते. ऑलिव्हेशियाचे पाय जवळपास कोरे.

एक घोळ कागदावरचाही आहे. कीनन, डेव्ही आणि मान या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये स्किला वंशाची फेरमांडणी करून चार जाती निश्चित केल्या. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही काही, भारतीय लेखनात मोठ्या चिंबोरीला ट्रँक्वेबारिका (याच वंशातल्या दुसऱ्या जातीचं नाव) आणि छोटीला सेराटा म्हटलेलं सापडतं. म्हणजे जुन्या पुस्तिकेतली ‘सेराटा’ ही बहुधा आजची ऑलिव्हेशिया. पिल्लं पुरवणारा नुसतं नाव सांगत असेल तर कपाळाचा जवळून काढलेला फोटो मागवा. एक डेंगा दुसऱ्यापेक्षा बारीक दिसला, तर तो तुटून नव्याने आलेला असू शकतो. मनगटाचे काटे तेव्हा दुसऱ्या डेंग्यावर बघा.